टेकायचं नाही

वैशाख तापला की आमच्या दारावरून आकाशपाळणा जातो. जातो म्हणजे ट्रकमध्ये आडवा पडून जातो. लोखंडी आरे, रंग उडालेले लाल-पिवळे पाळणे आणि त्या ढिगाऱ्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपलेली दोन-चार माणसं. ट्रक खड्ड्यात आदळला की सगळं एकदम खणखणतं आणि मी हातातलं काम टाकून ओट्यावर येते. शेजारीण म्हणते, "बाई, रिटायर झाल्या तरी तुमचं जत्रेचं वेड काही जाईना." जाणार कसं? माझ्या आयुष्याचा एक उन्हाळा त्या पाळण्याला टांगलेला आहे, आणि दर वर्षी तो ट्रकमध्ये बसून पोखर्णीच्या जत्रेला जातो.

यंदा पाळणा गेला आणि तासाभरात भाचीचा फोन आला. रेणू, माझ्या दादाची मुलगी. पुण्याकडं नोकरीला असते. धापा टाकतच बोलत होती. "आत्या, पळाले गं! एकवीस किलोमीटर! हाफ मॅरेथॉन!" कुठल्याशा खेळण्यांच्या मोठ्या बागेत ही शर्यत होती म्हणे. खोटे राजवाडे, सिमेंटचे डायनोसोर, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि त्यांच्या मधून पळायचं. वळणावळणावर कापडी अस्वलं टाळी द्यायला उभी. जागोजागी पाणी, केळी, मीठ-साखर. शेवटी गळ्यात हे एवढं मेडल, त्यावर हसणारं अस्वल. "आपल्या घराण्यातली पहिली हाफ मॅरेथॉन आहे ही," ती म्हणाली.

"दुसरी," मी म्हणाले.

 रेणू म्हणाली, "पहिली कुणाची?" तिला काय सांगू आणि किती सांगू, असं झालं. मला तर लगेच कडुलिंबाचा वास यायला लागला होता.

पहाटेच्या अंधारात लिंबाखालून पळत गेलं की एक कडवट-गोड वास अंगावर येतो. तो चालणाऱ्याला येत नाही. चालणाऱ्याला धुळीचा येतो, शेणाचा येतो, कुणाच्या चुलीचा येतो. हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगते, कुणी हसलं तर हसो. पळणाऱ्याची नाक-कान-कातडी सगळी उघडी असतात. त्या उन्हाळ्यातलं मला सगळं कातडीनं आठवतं. तारखा विचाराल तर फजिती होईल.

नामांतराचे दिवस होते एवढं खरं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटायचा, विझायचा, पुन्हा धुमसायचा. भिंतींवर एका रात्रीत अक्षरं उगवायची आणि दुसऱ्या रात्री त्यावर चुना फिरायचा. कॉलेज उघडं की बंद हे सकाळी फाटकापाशी गेल्यावर कळायचं. आमची परभणीच्या कडेला थोडी शेती आणि दोन खोल्यांचं घर. आमच्या गल्लीतली माणसं त्या दिवसांत वस्तीतल्या माणसांशी आखडून बोलायला लागली होती. आधी निदान रामराम-जयभीम व्हायचं, ते पण बंद झालं. घरात यावर कुणी बोलायचं नाही. बोललं तर तात्या बोलायचे. तात्या म्हणजे वडलांचे चुलतभाऊ. घरात लग्न असो, मयत असो की म्हैस व्यालेली असो, शेवटचा शब्द त्यांचा.

आणि आमच्या घरात तेव्हा नामांतराहून मोठी गोष्ट होती मायचे पाय.

झालं होतं असं. दादा, म्हणजे दिगंबर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पोखर्णीच्या जत्रेहून एसटीच्या टपावर बसून येत होता. जत्रेत एसटीच्या टपावर बसणं हा तरण्या पोरांचा हक्कच असायचा. एका वळणावर फांदी आली, सगळे वाकले, हा वाकला नाही, कारण हा पिपाणी वाजवत होता. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात माय बसली होती. तिच्या बाजूला आणखी बाया, प्रत्येकीचं कुणी ना कुणी आत. एकीनं नारळ बोलला, एकीनं चांदीचे डोळे बोलले. मायला ते कमी वाटलं. "नारळात काय हाय?" ती नंतर सांगायची, "नारळ तर पाहुणा निघाला तरी हातावर ठेवतो आपुन." घाबरलेलं माणूस देवाशी घासाघीस करत नाही, उलट स्वतःच भाव चढवतं. माय हात जोडून बोलून गेली, "देवा नरसिंहा, माझ्या दिगूला पायावर उभा कर. तो परभणीपसून तुझ्या पायरीपातुर पळत येईल. वाटंत कुठंबी टेकणार न्हाई. आन् ते होईस्तोवर माझ्या पायात चप्पल न्हाई."

मोडक्या पायाच्या पोराच्या नावानं सहा-सात कोस पळायचा नवस! आमच्या माणसांनीच करावी अशी चूक. दादा पुढं काठी टाकून उभा राहिला, चालायलाही लागला, पण एक पाय आखूड पडला तो पडलाच. पळणं काही त्याच्या नशिबात उरलं नाही. तो हसण्यावारी न्यायचा. "माय, देवाशी बोलताना मला विचारायचं तरी. उभा कर म्हणालीस, त्यानं केलं. वरचं कामून बोललीस?"

"तोंडातून गेलंय," माय म्हणायची. "गेलेलं परत घेता येत न्हाई."

चपला तिनं फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगल्या. पहिला उन्हाळा गेला. टाचांना भेगा पडल्या, त्यात मेण भरलं. पायाचे अंगठे बाजूला सरकले, पाऊल पसरलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "पूजा घालू, मोठी घालू, देव ऐकतो." माय म्हणाली, "देवानं काय अर्धा पोरगा दिला का मला? मग म्या अर्धं कसं फेडू?" अण्णा गप. माझे अण्णा गप बसण्यात फार पटाईत होते.

एका दुपारी मी खिडकीत उभी होते. समोरचा डांबरी रस्ता उन्हानं पातळ झाला होता. पलीकडून माय येत होती, डोक्यावर कळशी. रस्त्याच्या कडेला थांबली, इकडं-तिकडं बघितलं, पदर दातात धरला आणि पळाली. चवड्यांवर, कळशी न हलवता, लहान पोरीसारखी पळत रस्ता ओलांडून ती अलीकडच्या सावलीत आली आणि एका पायावर उभी राहून दुसरा तळवा पोटरीला घासायला लागली. मला रडू आलं, आणि राग आला, आणि खरं सांगते, हसूही आलं. आमच्या घरात पहिली पळाली ती माय.

त्या संध्याकाळी तात्या बसले होते, नवसाचंच चाललं होतं. मी दाराआडून म्हणाले, "मी पळते दादाच्या बदली."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "पोरीनं नवस फेडल्याचं आपल्याकडं आजवर झालं न्हाई."

माय म्हणाली, "पोराचं हाड मोडल्यालंबी आजवर झालं नव्हतं."

पोखर्णीच्या पुजाऱ्याला विचारलं. तो भला माणूस. म्हणाला, घरातलं कुणीही फेडा, भाव पाहिजे. झालं, ठरलं. पायात काय घालायचं यावर मात्र वाद झाला. मी म्हणाले, नवस आहे, मीही अनवाणी पळते. माय उसळलीच. "एका नवसाला एक जोडी उघडे पाय लय झाले. तू बूट घाल." दादानं त्याचे जुने कॅनव्हासचे बूट दिले, पुढं कापूस कोंबून. सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, आणि पायात दादाचे बूट. आरशात बघितलं तर मी बहुरूपी दिसत होते.

पहाटे कृषी विद्यापीठाच्या शेतांमधल्या रस्त्यांवर आम्ही सराव करायचो. एका पायानं पायडल मारत दादा सायकलवर मागून यायचा आणि पाठीमागून सूचना सोडायचा. "मान वर! हात कामून फेकायलीस? भांडायला निघालीस का कुणाशी?" ज्वारीच्या तुकड्यांत पत्र्याच्या पाट्या उभ्या असायच्या, कुठल्या बियाण्याचं कुठलं रान ते सांगणाऱ्या. पाण्याच्या पाटाशी बेडूक गप्प व्हायचे. पूर्वेला राखेसारखा उजेड यायचा आणि माझे पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे आपोआप पडायचे. ते जे होतं ना, ते मला पुढं कशातच मिळालं नाही. नोकरीत नाही, संसारात नाही. जागी असून झोपेत असल्यासारखं. स्वप्नात कसं आपण जातो आणि जमीन लागत नाही, तसं.

पण जमिनीवर माणसं होती! आमच्याकडं माणूस पळतो तो तीन कारणांनी: जनावर सुटलं, कडब्याची गंज पेटली, नाहीतर कुणी गेलं. मला पळताना बघून लोक घाबरायचे. "काय झालं गं? कोण गेलं?" एक म्हातारी तर मला बघून अंगणातच बसली आणि आधीच गळा काढला. मागून दादा ओरडला, "आज्जे, कुणी न्हाई गेलं! नवस हाय!" म्हातारीनं डोळे पुसले आणि शिव्या घातल्या, "मग आधी सांगावं की मुडद्यांनो!"

पहिलं साल हुकलं. जत्रेच्या तोंडावर कुठंतरी पुन्हा पेटलं, रस्त्यांवर दगड आले, एसट्या बंद पडल्या. अण्णा म्हणाले, यंदा नाही. एवढं एकच वाक्य. मी बूट काढून कोपऱ्यात ठेवले, मायनं ते उचलून धुऊन उन्हात वाळत घातले आणि म्हणाली, "पुढल्या साली." तिचे पाय तसेच राहिले. दुसरा वैशाख. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की हे असंच चालत राहणार, माय म्हातारी होणार आणि एक दिवस अनवाणीच जाणार.

म्हणून पुढचा वैशाख आला तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. माय, अण्णा आणि तात्या आदल्या दिवशीच बैलगाडीनं पोखर्णीला गेले. जाताना मायनं खुंटीवरचं फडकं काढून काखेत घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी रडलो असतो.

शुक्राची चांदणी ठळक होती तेव्हा मी निघाले. मागं दादा, सायकलच्या मुठीला पाण्याची चरवी टांगलेली. शहर झोपलं होतं. रेल्वेचं फाटक, मोंढ्यातल्या धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या, एक हॉटेलवाला भट्टी पेटवत होता. त्यानंही विचारलंच, "कोण गेलं?" मग शहर संपलं आणि रान सुरू झालं. नांगरून पडलेली काळी ढेकळं अंधारात आणखी काळी. वारा थंड, आणि त्यात मधूनच एखादा उबदार झोत, कालच्या उन्हाचा उरलेला. रुळांवरून परळीकडं जाणारी गाडी गेली. उजळलेल्या खिडक्यांतून माणसांनी हात हलवले, मीही हलवला. त्यांना वाटलं असेल, वेडी आहे. मला वाटत होतं, मीच गाडीत बसले आहे आणि रान मागं चाललं आहे.

उजाडलं तशी जत्रेला जाणारी माणसं भेटायला लागली. बैलगाड्या, पायी जाणाऱ्या बाया, खांद्यावर पोरं. आणि सुरू झाला आमच्या मराठवाड्याचा लाडका शब्द. टेक! "टेक गं बाई जरा." "बसा की ताई, च्या घ्या." "आधी टेका, मग पळा." एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, सोयऱ्यांनी माझ्यासाठी घोंगडी अंथरून ठेवली होती, ताटात गूळ-शेंगदाणे, लिंबाचं सरबत. मी थांबत नाही म्हटल्यावर तिथल्या आत्याबाई हातात पेला घेऊन काही पावलं माझ्यासोबत पळाल्या, निम्मं सरबत माझ्या कुर्त्यावर, निम्मं त्यांच्या लुगड्यावर, आणि ओरडल्या, "अगं पण दारावरून तशीच गेलीस हे बरं दिसतं का?" एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून हाक मारली, "बस ये आत, जागा हाय!" मी मान हलवली तर कंडक्टर म्हणाला, "तिकीट नको म्हणलं तरी येईना!" अख्खी एसटी हसली. पाहुण्याला टेकवल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमच्या मुलखाची रीत. आणि मायनं बोललं होतं ते नेमकं याच्याच उलट.

मग पाळणा दिसला.

आमचं रान सपाट. कोसभर लांबून गोष्टी दिसतात. क्षितिजावर एक बारीक वर्तुळ उभं होतं, बांगडीएवढं. ते फिरत होतं की माझे डोळे फिरत होते, कळेना. ऊन चढलं होतं आणि रस्त्यावर पुढं पाणी चमकायला लागलं होतं, जे नसतं ते पाणी. त्या पाण्यावर तो पाळणा तरंगत होता. मी पळते, पाणी सरकतं, पाळणा तेवढाच. जवळ येईना, मोठा होईना. रेणूच्या बागेतले राजवाडे सिमेंटचे तरी होते. माझा पाळणा नुसत्या उन्हाचा होता. मी त्याच्याशी बोलायला लागले होते, मोठ्यानं. काय बोलले ते आठवत नाही, पण मायबद्दल काहीतरी असावं.

त्यातच दादाच्या सायकलमध्ये बाभळीचा काटा गेला. "तू थांबू नकोस!" तो मागून ओरडला. "चरवी घे!" पण त्यासाठी थांबावं लागलं असतं. मी हात केला आणि गेले. मागं वळून बघितलं तर तो सायकल ढकलत, एका बाजूला झुकत येत होता, लहान होत होत.

पुढं एक पाणपोई होती. माठाला ओलं फडकं, डेऱ्यावर नारळाची करवंटी. पाणपोईवाल्या बाबांनी मला दुरूनच बघितलं. मी ओंजळ पुढं केली, जागच्या जागी पाय हलवत. बाबा म्हणाले, "बस. बसून पी. उभ्यानं प्यालेलं पाणी गुडघ्यात जातं." मी म्हणाले, नवस आहे बाबा, टेकायचं नाही. ते म्हणाले, "आन् माझं पुण्य? उभ्या माणसाला पाणी घालून मला पाप न्हाई घ्यायचं." माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. मी तशीच निघाले.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. जीभ टाळ्याला चिकटली. कानात पिपाण्या वाजायला लागल्या, जत्रेतल्या की डोक्यातल्या कोण जाणे. रस्त्याच्या कडेला एक वस्ती, मूळ गावापासून सुटून उभी. एका भिंतीवर निळ्या अक्षरांत विद्यापीठाचं नाव, जे नाव हवं होतं ते. ती अक्षरं मी वाचली, पुन्हा वाचली, मग ती हलायला लागली आणि माझा गुडघा मुडपला. जमीन वर आली. मी हात टेकणार, इतक्यात कुणीतरी माझा दंड धरून मला वर ओढलं.

एक बाई होती. चाळिशीची, काळीसावळी, काष्टा घातलेली, दुसऱ्या हातात तांब्या. हातपंपावरून आलेली असावी, पाऊल ओलं होतं. मला धरून ती माझ्यासोबत पळायलाच लागली! "नवसाची हायस व्हय? चल. चल. थांबू नको. पी." तांब्या माझ्या तोंडाशी, पाणी नाकात, डोळ्यांत, गळ्यात. थंडगार पाणी, त्याला लोखंडाची चव. काही पाणी तिनं माझ्या टाळूवर ओतलं. टेक म्हणाली नाही. सकाळपासून भेटलेल्या माणसांमध्ये ती एकटीच टेक म्हणाली नाही. वस्ती संपेपर्यंत ती सोबत होती. मग दंडावरचा हात सुटला आणि मागून आवाज आला, "जा माय! पळ!"

मी पळाले. पाळणा एकदम मोठा झाला होता.

जत्रेत शिरले तेव्हा मी कुठं आहे हे मला धड कळत नव्हतं. दोन्ही बाजूंनी रंग. रेवड्यांचे ढीग, गोडीशेव, काचेच्या बांगड्या, गारीगारची पेटी बडवणारा. आरशांच्या तंबूबाहेर ठेवलेल्या एका वाकड्या आरशात मी दिसले, सुपाएवढं डोकं आणि काडीएवढे पाय. मौत का कुआँच्या मचाणावरून कुणीतरी कर्ण्यात ओरडलं, "बाजू द्या, नवसाची पोरगी येयलीय!" पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. वर लटकलेली माणसं वाकून बघायला लागली, एक लहान मुलगी सगळ्यात वरच्या पाळण्यातून टाळ्या वाजवत होती. गर्दी दुभंगली आणि मधल्या वाटेच्या टोकाला देवळाची पायरी, आणि पायरीपाशी माय. काखेत फडकं.

मी पायरीवर डोकं टेकलं. मग सगळीच टेकले.

पुजाऱ्यानं अंगारा लावला. कुणी वारा घातला. मायनं मला मांडीवर घेतलं, पदरानं माझं तोंड पुसलं. मग तात्यांचा आवाज आला. "हा तांब्या कुणाचा?"

तेव्हा मला कळलं, तांब्या माझ्याच हातात राहिला होता! अख्खी जत्रा मी तो घट्ट धरून पळत आले होते. तात्यांनी तो उचलला, फिरवून नाव वाचलं. आमच्याकडं भांड्यावर नाव घालतातच. "गयाबाई," तात्या म्हणाले. "कुठली गयाबाई?"

"अलीकडच्या वस्तीतली," मी म्हणाले. "त्यांनीच पाणी पाजलं. मी पडत होते."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला, जरा लांब. गर्दीत कुजबुज झाली. त्या दिवसांत ती वस्ती म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. तात्या हळू आवाजातच बोलले, ओरडले नाहीत. "वहिनी, नवस बाटला. पुढल्या साली पुन्हा फेडावा लागंल."

मी मायच्या पायांकडं बघितलं. भेगांमध्ये पोखर्णीची माती भरली होती. आणखी एक वैशाख.  अण्णा खाली बघत होते. तेवढ्यात गर्दीतून सायकलची घंटी वाजली. दादा. पंक्चर सायकल ढकलत, घामानं निथळत, फेंगडत फेंगडत तो उरलेली सगळी वाट पायी चालत आला होता. "पोचली का?" तो म्हणाला. "टेकली न्हाई ना?"

मायनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या पायांकडं बघितलं, खूप वेळ. मग तिनं काखेतलं फडकं सोडलं आणि चपला जमिनीवर ठेवल्या. वाळून ताठ झालेल्या, अंगठ्याला बुरशी. पाय घातला तर जाईना. पाऊल पसरलं होतं ना! तिनं दाबून घातला, टाच मागं बाहेर राहिली, बोटं पुढं बाहेर.

"वहिनी," तात्या म्हणाले.

"तात्या," माय म्हणाली, "माझं लेकरू पायानं चालत आलं, ते देवानं केलं. माझी लेक पडली न्हाई, ते त्या बाईनं केलं. आता देवाला काही म्हणायचं असंल तर त्यो मला म्हणंल. मधी तुमी नका पडू." आणि पदर सारखा करून तिनं तांब्या उचलला. "चल गं. लोकाचं भांडं हाय."

मला चालवत नव्हतं. दादानं मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि ढकलत नेलं. पुढं माय. चपला फटक-फटक वाजत होत्या, टाच बाहेर. दोन वर्षांत तो आवाज मी विसरले होते. पाळणा पुन्हा फिरायला लागला होता, त्याची सावली आमच्या अंगावरून येत-जात होती. मागून कुणी हाक मारली नाही, सोबतही कुणी आलं नाही. अण्णा तेवढे, बऱ्याच अंतरावरून, गप्प.

गयाबाई दारातच होती. आम्हाला बघून आधी दचकली. मग तांब्या बघितला आणि हसली. "लेक चोर निघाली तुमची! तांब्या घेऊन पळाली. मी म्हणलं, जाऊ दे, देवाच्या दारात गेलाय."

माय हसली नाही. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. "बाई," ती म्हणाली, "वाटंनं सगळे हिला टेक म्हणले. तू कामून न्हाई म्हणलीस?"

गयाबाईनं पदरानं हात पुसले. सरळ सांगितलं, राग नाही, काही नाही. "आमच्या दारात कोण टेकतंय, माय? म्हणून मी पळतच पाजलं."

दूर जत्रेतली पिपाणी वाजत होती. उन्हात भिंतीवरची निळी अक्षरं चमकत होती.  गयाबाई काही अंथरायला आणेपर्यंत माय थांबली नाही. दोन वर्षांनी पायात घातलेल्या चपला तिनं दाराशी काढल्या, तांब्या पुढं करून पाणी मागितलं, आणि त्या ओट्यावर टेकली, ती उन्हं उतरेपर्यंत उठली नाही.